पॉवर वीडर निळा धूर सोडतोय? इंजिन खोलण्याआधी एवढं तपासा

डवरणीच्या ऐन दिवसांत पेट्रोल पॉवर वीडर धूर सोडू लागला की पहिला सल्ला ठरलेला असतो, 'रिंगा गेल्या, इंजिन खोला.' कधी ते खरंही असतं. पण अनेकदा दोष बाहेरच सापडतो आणि बोअर-पिस्टनचा खर्च वाचतो.

आधी धुराचा रंग पाहावा. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. चोक ओढलेलाच राहिलाय का, एअर फिल्टर मातीनं गच्च झालाय का, एवढं बघितलं तरी बहुतेक वेळा काम भागतं. सकाळी थंड इंजिन सुरू करताना थोडी पांढरी वाफ दिसली तर काळजी नको.

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. मात्र टू-स्ट्रोक फवारणी पंपात ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं, त्यामुळे थोडा निळसर धूर येणारच. तिथे मिश्रणाचं माप तपासावं. 1:50 सांगितलं असेल तर लिटरला 20 मिली.

फोर-स्ट्रोक वीडर सपाट जागी ठेवून ऑइलची पातळी पाहावी. पाच-साडेपाच हॉर्सपॉवरच्या इंजिनात साधारण 600 मिली ऑइल मावतं. त्यावर 'अजून थोडं असू दे' म्हणून ओतलेलं ऑइल धुरावाटे बाहेर पडतं. टेम्पोत मशीन आडवं पडलं असेल तरीही ऑइल सिलिंडरमध्ये उतरतं, ते जळून गेलं की धूर थांबतो. आणि न भरताच पातळी वाढली, ऑइल पातळ झालं, पेट्रोलचा वास आला, तर कार्बोरेटरची फ्लोट नीडल गळतेय. असं मशीन चालवू नये. नीडल बदलून, ऑइल नवं भरूनच सुरू करावं. काम संपलं की पेट्रोल कॉक बंद करायची सवय इथे उपयोगी पडते.

हे सगळं ठीक असूनही धूर येत असेल तर आतली झीज. रात्रभर उभं मशीन सुरू करताना निळा लोट येऊन नंतर धूर साफ होत असेल, तर संशय व्हॉल्व्ह सील किंवा गाइडवर. लोड आल्यावर धूर वाढतो, ब्रीदरमधून ऑइल एअर फिल्टरपर्यंत येतं, प्लग काळा नि ओला निघतो, तर रिंगा-बोअर.

खात्रीसाठी घरची चाचणी आहे. स्विच बंद करून, प्लगची कॅप काढून दोरी हळू ओढावी, दाब किती लागतो ते हाताला कळतं. मग प्लग काढून छिद्रातून एकच चमचा ऑइल टाकावं, प्लग बसवून पुन्हा ओढावं. दाब स्पष्ट वाढला तर रिंगा किंवा बोअर झिजलंय. फरक नाही पडला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटकडे बघावं. चाचणीनंतर थोडा वेळ धूर येईल, तो त्याच चमच्याचा.

ठक-ठक आवाज येतोय किंवा काढलेल्या ऑइलात चमकणारा धातूचा कीस दिसतोय, तर धुराचा विचार नंतर. मशीन तिथंच बंद करावं. कनेक्टिंग रॉड तुटली तर ब्लॉकच फुटू शकतो.

बोअरला उभे ओरखडे असतील तर नुसत्या रिंगा बदलून भागत नाही, बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन बसवावा लागतो. गॅरेजवाल्याकडून माप घेऊनच ते ठरवून घ्यावं. आणि फाटका एअर फिल्टर त्याच दिवशी बदलावा, कारण बहुधा तिथूनच धूळ आत गेलेली असते.