दर्यापार गेलेला एक पूर्वज

गेल्या दिवाळीत आमच्या फुलपाड्याच्या घराण्याची वंशावळ नव्याने लिहून काढण्याचे काम भाऊबंदांनी आमच्यावर सोपविले. आम्ही शालान्त परीक्षेपलीकडे शिकलेलो नाही. परंतु पस्तीस वर्षे मुलांस इतिहास शिकविला, एवढ्या भांडवलावर आम्ही ते पत्करले. जुन्या वंशावळीत आमच्या खापरपणजोबांच्या एका चुलत्याच्या नावाखाली 'निर्वंश' एवढाच शब्द आहे. त्याच्याविषयी घरात बोलत नसत. आमची आत्या मात्र सर्वपित्री अमावास्येस एक पान जास्त वाढीत असे. ते कोणाचे, असे विचारले, की ती म्हणे, ''दर्यापार गेला त्याचं.''

पुढे काळ पालटला. काळ्या पाण्यावर गेलेला पुरुष म्हणजे घराण्यास बट्टा, ही समजूत मागे पडली आणि तो सत्तावन्नच्या बंडातला वीर असला पाहिजे, अंदमानातच गेला असला पाहिजे, अशी नवी समजूत आली. आमचे थोरले चुलतबंधू तर नव्या वंशावळीत त्याच्या नावापुढे 'स्वातंत्र्यवीर' लिहावे म्हणून आग्रह धरून बसले होते. आम्हांलाही ते लिहावयास आवडले असते. सावरकर बंधूंनी जेथे यातना भोगल्या, तेथे आपला कोणी आधी जाऊन आला, हे कोणास आवडणार नाही?

परंतु माळ्यावरील पेटीत वाटपाचा एक मोडी कागद निघाला. ठाण्यातील एका जाणकार गृहस्थांनी तो आम्हांस वाचून दाखविला. तिघा भावांच्या खाचरांचे वाटप त्यात आहे. थोरल्या दोघांचे हिस्से नेमून दिल्यावर धाकट्याविषयी लिहिले आहे, की तो सरकारातून दर्यापार पाठविला असल्याने त्याचा तिसरा हिस्सा अनामत राखावा, व तो आला असता त्यास द्यावा. शकाचा आकडा वाळवीने नेला आहे. तथापि, वर 'जिल्हे उत्तर कोंकण' ही अक्षरे शाबूत आहेत.

या तीन शब्दांवर आमचे सारे प्रकरण उभे आहे. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी आपल्या भागाचा जो जिल्हा केला, त्यास उत्तर कोंकण म्हणत. 1833 साली त्याचे नाव ठाणे जिल्हा झाले. (आपण पालघर जिल्ह्यात आलो ते 1 ऑगस्ट 2014 पासून.) एखादा कारकून जुन्या सवयीने दोन-चार वर्षे जुने नाव लिहील, पंचवीस वर्षे लिहिणार नाही. अंदमानची वसाहत तर सुरू झाली मार्च 1858 मध्ये, डॉक्टर वॉकर पहिले दोनशे कैदी घेऊन उतरले तेव्हा. म्हणजे आमचा पूर्वज अंदमानात गेलेला नाही, आणि सत्तावन्नच्या बंडाशीही त्याचा संबंध नाही.

मग तो गेला कोठे? त्या काळी मुंबई इलाख्यातील काळ्या पाण्याच्या कैद्यांची रवानगी मॉरिशस बेटावर आणि सिंगापूर, पिनांग, मलाक्का या मलायाकडील ठाण्यांवर होत असे. मॉरिशसमध्ये 1815 ते 1837 या अवधीत बंगाल व मुंबई इलाख्यांतून सुमारे दीड हजार कैदी नेले गेले. स्त्रिया त्यांत अगदी थोड्या. बेटावरचे रस्ते, पूल ही त्यांची कामे. प्रसिद्ध शास्त्रज्ञ डार्विन 1836 साली तेथे उतरला असता त्याने हे हिंदी कैदी पाहिले. आठशेच्या आसपास असतील असे त्याने नमूद केले आहे, आणि त्यांच्या भारदस्त चेहऱ्यांचे त्यास नवल वाटले. 1853 मध्ये तेथील कैद्यांची व्यवस्था मोडीत निघाली; उरले होते ते मोकळे झाले. सिंगापुरात 1825 पासून हिंदी कैदी होते, आणि तेथील सेंट अँड्र्यूज हे मोठे देवालय कैद्यांच्या हातांनी बांधलेले आहे. ती वसाहत 1873 मध्ये संपली.

हे कैदी सगळेच बंडखोर नव्हते. दरोडा, खून, चोरी अशाच अपराधांवर बहुतेकांस ही शिक्षा होई. बंडाळीत सापडलेलेही त्यांत असत. आमच्या पूर्वजाचा अपराध कागदात लिहिलेला नाही, आणि आम्ही पदरचा घालणार नाही.

त्याचा मार्ग मात्र डोळ्यांपुढे येतो. आपल्याकडे रेल्वे नव्हती. विरारहून मुंबईस पहिली गाडी सुटली ती 1867 साली. जीवदानीच्या डोंगराखालून त्यास वसईकडे नेले असेल, तेथून खाडीने घोडबंदरावरून ठाण्यास. ठाण्याचा तुरुंग म्हणजे जुना किल्ला. पोर्तुगीजांनी बांधावयास घेतलेला, 1737 मध्ये मराठ्यांनी जिंकलेला. तेथे काळ्या पाण्याचे कैदी गलबत मिळेपर्यंत ठेवीत. पुढे वासुदेव बळवंत फडके यांसही एडनला नेण्यापूर्वी याच तुरुंगात ठेविले होते. आमच्या पोरांच्या सहली त्या भिंतीवरून अनेकदा गेल्या. आमच्या घरचे कोणी तिच्याआड बसले असेल, हे आमच्या मनातही आले नाही.

घरी मागे काय झाले असेल? समुद्र ओलांडला की जात गेली, असा त्या काळचा दंडक. ज्यास पतित ठरविले, त्याच्या नावाने जिवंतपणीच पाण्याचा घडा पालथा करण्याचा विधी धर्मशास्त्रात आहे. घटस्फोट म्हणतात तो मुळात हाच. आपल्या ज्ञातीच्या पंचांनीही वाळीत टाकण्यात कधी हात आखडता घेतला नाही, हे या पानांत लिहिण्यास आम्हांस संकोच वाटत नाही. असे असता दोघा भावांनी धाकट्याचा हिस्सा कागदावर राखून ठेवला! 'निर्वंश' हा शब्द त्यांनी लिहिला नसावा. तो मागाहून कोणीतरी, हिस्सा मोकळा करून घेण्यासाठी, लिहिला असावा असा आमचा तर्क आहे. ती खाचरे आज नाहीत. त्या जागी चार मजल्यांची इमारत आहे.

शोधाच्या वाटेवर आम्ही दोनदा ठेचकाळलो, ते इतरांच्या उपयोगासाठी सांगतो. इंग्रजी दप्तरांत वसईस 'बॅसीन' म्हणत. आणि ब्रह्मदेशातही एक बॅसीन होते, तेथील लोक त्यास पाथेन म्हणतात. ब्रह्मदेशातही हिंदी कैदी जात, त्यामुळे नुसत्या 'बॅसीन'वर विसंबणारा थेट इरावतीच्या मुखाशी जाऊन पोहोचतो. दुसरी ठेच नावाची. त्या वेळी आपल्यात आडनाव लिहीत नसत. 'अमका बिन तमका' असे लिहीत. 'बिन' पाहून मनुष्य मुसलमान ठरविण्याची घाई करू नये. आणि कैद्यांच्या याद्यांत नाव चुकले तरी बापाचे नाव, जात, गाव, उंची व अंगावरील खुणा पाहाव्यात. मॉरिशसमध्ये पुष्कळ हिंदी घराण्यांत मूळ पुरुषाचे नावच पुढे आडनाव झाले. सुटलेले कैदी तेथेच राहून संसार करीत, तेव्हा आमचे चुलते 'निर्वंश' होते हे कोणी छातीवर हात ठेवून सांगावे? पोर्ट लुईच्या बाजारात आमच्याच नाकाडोळ्यांचा कोणी भाजी विकत असेल.

हा कागद भाऊबंदांपुढे ठेवला तेव्हा चुलतबंधू संतापले. ''मास्तर, तू घराण्याला चोर ठरवायला निघालास!'' आम्ही म्हटले, ''दादा, मी चोरही लिहीत नाही आणि वीरही लिहीत नाही. कागद जेवढं बोलतो, तेवढंच लिहितो.'' पुष्कळ वाद झाला. अखेर वहिनींनी विचारले, की आत्याबाईंचे पान पुढे कोणी वाढले का? कोणीच वाढले नव्हते. त्यानंतर दादा काही बोलले नाहीत.

नव्या वंशावळीत 'निर्वंश' हा शब्द खोडून आम्ही 'दर्यापार, हिस्सा अनामत' असे लिहिले आहे. नाव येथे छापीत नाही, कारण दादांची तेवढ्यापुरती संमती यावयाची आहे. मुंबईच्या पुराभिलेखागारातील न्यायखात्याचे जुने खंड चाळण्याचे काम चालू आहे. महिन्यातून दोन वेळा आम्ही सकाळच्या गाडीने जातो. आपल्यापैकी ज्यांच्या घरी मोडी कागद असतील, त्यांनी ते रद्दीत घालण्यापूर्वी मंडळाच्या चिटणीसांकडे दाखवावेत. वाळवी लागलेले असले तरी आणावेत. एखादी ओळ शिल्लक असते.