डेंग्यूची लस यायला एवढा वेळ का?

पावसाळ्यात वर्गातली दोन-चार बाकं तापामुळे रिकामी दिसू लागली की पाचोडमधले पालक आम्हाला हमखास विचारतात, "सर, पोलिओचा डोस मिळतो, मग डेंग्यूचा का नाही?"

डेंग्यूचा विषाणू चार प्रकारचा असतो, खरी अडचण तिथेच आहे. एका प्रकाराचा ताप येऊन गेला की त्या प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण मिळतं. पुढे दुसऱ्या प्रकाराची लागण झाली, तर जुनी प्रतिपिंडं कधी कधी विषाणूला अडवण्याऐवजी पेशीत शिरायला मदतच करतात. म्हणून दुसऱ्यांदा झालेला डेंग्यू जास्त जड जाऊ शकतो. लसीने चारही प्रकार एकदम आवरले पाहिजेत. अर्धवट लस अंगलट येते.

तसं झालंही आहे. फिलिपिन्समध्ये 2016 पासून 'डेंगव्हॅक्सिया' ही लस आठ लाखांहून अधिक मुलांना दिली गेली. नोव्हेंबर 2017 मध्ये सनोफी कंपनीनेच सांगितलं की, ज्यांना आधी डेंग्यू झालेला नाही त्यांचा आजार लसीनंतर गंभीर होऊ शकतो. मोहीम थांबली. लोकांचा विश्वास एवढा उडाला की गोवराच्या लसीलाही पालक कचरू लागले. आम्हाला हे नुकसान जास्त मोठं वाटतं.

भारतात आयसीएमआर आणि पॅनेशिया बायोटेकने 'डेंगीऑल' या एका डोसच्या लसीची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी ऑगस्ट 2024 मध्ये रोहतकला सुरू केली. 19 केंद्रं, 10,335 निरोगी प्रौढ, आणि प्रत्येकावर दोन वर्षं लक्ष. घाई का करत नाहीत, हे आता कळेल.

चिकनगुनियाची अडचण वेगळी. त्याच्या विषाणूचे डेंग्यूसारखे चार प्रकार नाहीत, पण साथ कधी येईल याचा नेम नाही. सोलापूर जिल्ह्यात बार्शीला 1973 मध्ये साथ आली. मग कितीतरी वर्षं शांतता, आणि 2006 मध्ये महाराष्ट्रभर सांधे धरले. अशा आजारात लस देऊन साथीची वाट किती पाहणार? अमेरिकेने 2023 मध्ये एक लस प्रतिपिंडांच्या प्रमाणावरच मंजूर केली. गंभीर दुष्परिणाम दिसल्यावर ऑगस्ट 2025 मध्ये तिचा परवाना स्थगित केला.

मेंदूज्वराच्या लसीत मात्र यश आलं. पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था आणि भारत बायोटेक यांची 'जेनव्हॅक' 2013 मध्ये बाजारात आली. तिचा विषाणू कर्नाटकातल्या कोलारचा.

डेंग्यू आणि चिकनगुनिया पसरवणारा डास एकच, एडिस. तो दिवसा चावतो, आणि नळ आठवड्याने येतो म्हणून भरून ठेवलेल्या रांजणात, ड्रममध्ये वाढतो. रांजण नुसता उपडा करून भागत नाही. आतून घासावा लागतो, कारण कडेला चिकटलेली अंडी कोरडी राहूनही महिनोन्‌महिने टिकतात.