रंगखात्यातले आजोबा आणि माटुंग्याचे प्रोफेसर

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी मी ‘बेकर-वेंकटरामन रिअरेंजमेंट’ पाठ केली होती. परीक्षेत हमखास येणारी रिअॅक्शन, पाच मार्कांची खात्री. रेणूत ऑक्सिजनवर बसलेला एक गट अल्कलीच्या धक्क्याने उठतो आणि शेजारच्या कार्बनवर जाऊन बसतो. मग आम्ल घातलं की कडं बंद होतं आणि फ्लेव्होन तयार होतं. फुलांमधल्या, लाकडांमधल्या कित्येक पिवळ्या रंगांचा हाच सांगाडा. बेकर आणि वेंकटरामन कोण, हे ना सरांनी सांगितलं, ना मी विचारलं. वेंकटरामन म्हणजे परदेशात स्थायिक झालेलं कुणीतरी मोठं प्रस्थ असणार, असं मी गृहीत धरलं होतं. हा माणूस वीसेक वर्षं मुंबई विद्यापीठात होता आणि त्यातली बरीचशी माटुंग्याला, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. कळलं तेव्हा पहिल्यांदा आठवले ते माझे आजोबा.

आजोबा परळच्या एका गिरणीत रंगखात्यात होते. ८२च्या संपात नोकरी गेली, पण नखांच्या कडेची निळी झाक पुढे कितीतरी दिवस टिकली, असं आजी सांगायची. आजोबांना रंग नंबराने माहीत होते. अमुक नंबरचा डबा, इतकं मीठ, इतकं तापमान, इतका वेळ. कापडाकडे नुसतं पाहून कुठला लॉट बिघडलाय ते सांगायचे. पण डब्यात काय असतं, हे त्यांना कधीच कळलं नाही. मी केमिस्ट्री घेतली तेव्हा त्यांनी विचारलं होतं, “मग आता तुला कळेल का गं, त्यात काय असायचं ते?”

हा प्रश्न एकट्या माझ्या आजोबांचा नव्हता. १८९७ मध्ये जर्मनीच्या बीएएसएफने कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि बघता बघता आपल्याकडची निळीची शेती बसली. त्यानंतर जगाचे रंग मोजक्या जर्मन आणि स्विस कंपन्यांच्या हातात गेले. पेटंट असत, पण मुद्दाम मोघम लिहिलेली. खरी कृती कारखान्याच्या भिंतीआड. आपल्याकडे कापूस होता, गिरण्या होत्या, कामगार होते. कापड रंगवायचं म्हटलं की डबा बाहेरून यायचा. युद्ध लागलं की डबा यायचा थांबायचा.

अशा काळात, १ ऑक्टोबर १९३३ रोजी, मुंबई विद्यापीठाने स्वतःचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग सुरू केला. यूडीसीटी. आज आपण त्याला आयसीटी म्हणतो. त्या काळचं विद्यापीठ मुख्यतः परीक्षा घेणारं, शिकवायचं कॉलेजांनी. त्यात विद्यापीठाने स्वतःची प्रयोगशाळा काढायची आणि तीही वस्त्ररसायन आणि केमिकल इंजिनिअरिंगसाठी, हे धाडसच होतं. विद्वानांच्या दृष्टीने गिरणीच्या धंद्याशी जोडलेलं रसायनशास्त्र जरा खालच्या पंगतीतलं. (ही पंगत अजून मोडलेली नाही. ‘अप्लाइड’ म्हटलं की नाक मुरडणारे मी स्वतः पाहिलेत.)

कृष्णस्वामी वेंकटरामन १९३४ मध्ये इथे आले. जन्म १९०१ चा, मद्रासचा. मँचेस्टरला रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या हाताखाली संशोधन केलेलं. हेच रॉबिन्सन पुढे १९४७ मध्ये नोबेलचे मानकरी ठरले. परत आल्यावर बंगळुरूची इंडियन इन्स्टिट्यूट आणि मग लाहोरचं फोरमन ख्रिश्चन कॉलेज. परीक्षेतली ती रिअॅक्शन लाहोरची. इंग्लंडमध्ये विल्सन बेकर यांनी त्याच सुमारास स्वतंत्रपणे तीच गाठली, म्हणून नाव जोडीचं. म्हणजे मुंबईत आले तेव्हा ते तेहतीस वर्षांचे होते आणि पाठ्यपुस्तकात कायमचं जाईल असं काम मागे टाकून आले होते. शुद्ध रसायनशास्त्रात रमायला एवढं पुरे होतं.

त्यांनी रंग घेतले. १९३८ मध्ये फॉर्स्टर यांच्यानंतर ते विभागाचे संचालक झाले, पहिले भारतीय संचालक, आणि १९५७ पर्यंत राहिले. याच काळात, १९४३ मध्ये, विभाग रॉयल इन्स्टिट्यूटच्या जागेतून माटुंग्याला स्वतःच्या इमारतीत गेला. संचालक झालेला प्राध्यापक हळूहळू फायलींचा होतो, हे आपण सगळीकडे पाहतो. इथे तसं झालेलं दिसत नाही. त्यांच्याकडे पीएचडी केलेले बा. द. टिळक पुढे ऑक्सफर्डला रॉबिन्सन यांच्याकडे शिकून परतले, याच विभागाचे संचालक झाले आणि नंतर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचेही. एनसीएलच्या त्या खुर्चीत टिळकांच्या आधी १९५७ ते १९६६ खुद्द वेंकटरामनच होते. मुंबई-पुणे हा रस्ता पुढेही वाहता राहिला. रघुनाथ माशेलकरही यूडीसीटीचेच, पुढे एनसीएलला गेले.

पण मला त्यांचं सगळ्यात मोठं काम वाटतं ते एक पुस्तक. ‘द केमिस्ट्री ऑफ सिंथेटिक डाईज’, पहिले दोन खंड, १९५२. हा नवा शोध नव्हता. महायुद्ध संपल्यावर दोस्त राष्ट्रांची तपास पथकं जर्मन कारखान्यांत शिरली आणि आयजी फार्बेनच्या भिंतीआडच्या कृती अहवालांच्या ढिगांत बाहेर आल्या. हे ढीग वाचायचे, पेटंटांशी ताडायचे, कुठला रंग कुठल्या रचनेचा, तो कसा बनतो, सुती धाग्याला का धरतो आणि लोकरीला का नाही, हे एका विद्यार्थ्याला कळेल अशा क्रमाने लावायचं. हे काम विभाग चालवता चालवता माटुंग्यात झालं. जगभरच्या रंगरसायनज्ञांनी ते टेबलावर ठेवलं. रशियन भाषांतरही निघालं. पुढचे सहा खंड त्यांनी सत्तरच्या दशकात, निवृत्तीनंतर, इतर तज्ज्ञांकडून लिहून घेऊन संपादित केले.

पुस्तक संकलनाचं आहे म्हणून त्याला शोधनिबंधापेक्षा कमी लेखायचं, हे मला पटत नाही. डबा उघडून दाखवणं हेही संशोधनाचंच काम. ज्या वर्षी हे खंड आले त्याच वर्षी वलसाडजवळ अतुलच्या रंगांच्या कारखान्याचं उद्घाटन झालं. देशात रंग बनायला लागले तेव्हा ते बनवायला शिकलेली माणसं माटुंग्यातून मिळत होती.

तरी एक गोष्ट मला टोचते. १८९५ मध्येच फ्रँकफुर्टच्या लुडविग रेन या सर्जनने दाखवलं होतं की फुक्सिन रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांना मूत्राशयाचा कॅन्सर होतोय. बेन्झिडीनवर आधारलेले रंग तरीही अनेक दशकं वापरात राहिले. विशिष्ट घातक अमाइन्स सोडणाऱ्या अझो रंगांवर खुद्द जर्मनीने बंदी आणली ती १९९४ मध्ये. माहिती होती. ती इंग्रजीत होती, जाडजूड आणि महाग पुस्तकांत होती. ती गिरणीच्या ऑफिसापर्यंत पोचली असेल. आजोबांच्या खात्यापर्यंत नाही. त्याचा दोष मी वेंकटरामन यांना देत नाही, एका माणसाने किती दारं उघडायची? पण विद्यापीठाच्या संशोधनाची गोष्ट सांगताना ती कुठे थांबली हेही सांगायला हवं.

लायब्ररीत ते खंड काढले त्या संध्याकाळी मी आजोबांना निळ्या डब्याबद्दल विचारलं. नंबर त्यांना अजून पाठ होता. मी रचना काढून दाखवली, षट्कोनाला षट्कोन जोडून. त्यांनी कागद लांब धरून पाहिला आणि म्हणाले, “एवढंच?”

मग मी त्यांना दुसरी गोष्ट सांगितली. पन्नासच्या दशकात, गिरण्यांसाठी माणसं घडवतानाच, वेंकटरामन आणि त्यांचे विद्यार्थी फणसाच्या खोडातला पिवळा रंग तपासत होते. त्यातून एक फ्लेव्होन निघालं, आर्टोकार्पिन नावाचं. त्याच कुळातलं, ज्याची रिअॅक्शन मी पाठ केली होती. गावच्या आमच्या घराचं दार फणसाचं आहे. आजोबा लगेच म्हणाले की ते दार नवं होतं तेव्हा हळदीसारखं पिवळं होतं, आणि सुताराच्या पायाशी पडलेला भुसा पावसात भिजला की अंगणात पिवळा ओघळ उतरायचा. त्याचं काय काय असतं ते सांग म्हणाले. मी वहीचं नवं पान काढलं.