‘कच्चे’ आणि ‘पक्के’ : पूर्व विदर्भातील पर्यावरणपूरक घरबांधणीच्या लोकशिक्षणाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

अन्न आणि वस्त्र यांच्याप्रमाणेच निवारा ही मानवाची मूलभूत गरज मानली जाते. परंतु घर कसे बांधावे आणि बांधलेले घर कसे राखावे, हे ज्ञान समाजात एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे कसे पोहोचते, या प्रश्नाची दखल शिक्षणाच्या इतिहासात क्वचितच घेतली जाते. ‘हरित इमारत’ ही संज्ञा आपल्याकडे रूढ झाली ती २००१ मध्ये इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिलची स्थापना झाल्यानंतर. हैदराबाद येथील सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटरच्या इमारतीला २००३ मध्ये प्लॅटिनम मानांकन मिळाले आणि तेव्हापासून या विषयाचा जन्म महानगरात झाला असा समज दृढ होत गेला. वस्तुतः स्थानिक साहित्य, अल्प खर्च आणि निसर्गाशी मेळ या तिन्ही तत्त्वांवर घर उभारून ते लोकांना दाखविण्याचा प्रयत्न विदर्भाच्या भूमीवर त्यापूर्वी ६५ वर्षे झालेला होता. हा प्रयत्न रुजला का नाही, याचे कारण सामान्यतः लोकांच्या अज्ञानात शोधले जाते. ते शासकीय नोंदीतील दोन शब्दांत शोधणे अधिक योग्य ठरेल.

घर हीच शाळा

भंडारा जिल्हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. कोहळी समाजाने बांधलेल्या आणि पुढे ‘मालगुजारी’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या तलावांनी धानाची शेती जगविली, त्याचप्रमाणे घरेही उभी केली. तळ्यातील चिकण माती कुंभाराच्या चाकावर चढून कवेलू बनली, शेतातील माती धानाच्या तणसासह तुडवून भिंती झाल्या. जंगलातून सागवान आणि बांबू येई. सुतार आडे-फाटे बसवी, बुरड तट्टे विणून देई. झाडीपट्टीतील घराची जाड भिंत दिवसाचे ऊन हळूहळू शोषून घेते आणि ते आत पोहोचेपर्यंत संध्याकाळ झालेली असते. कवेलूंच्या फटींतून तापलेली हवा वर निघून जाते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या प्रदेशात ही रचना अनुभवातून सिद्ध झालेली होती.

या ज्ञानाचे शिक्षण कसे होत असे? त्याला अभ्यासक्रम नव्हता, परंतु वेळापत्रक मात्र होते. मृग लागण्यापूर्वी कवेलू फेरावयाचे, पावसाळा सरल्यावर भिंती लिंपावयाच्या, दिवाळीपूर्वी पांढऱ्या मातीचा पोतारा द्यावयाचा, आणि जमिनीचे सारवण तर नित्याचेच. यांपैकी छपराचे काम पुरुषांकडे असे. लिंपण, पोतारा व सारवण ही कामे स्त्रियांकडे असत. माती किती भिजवावी, शेण किती मिसळावे, भेग पडल्यास काय करावे हे मुलगी आईच्या हाताखाली शिकत असे. मातीचे घर टिकते ते मुख्यत्वे डागडुजीवर, आणि डागडुजीचे हे अर्धे शास्त्र स्त्रियांच्या हाती होते. पुढील काळात घरबांधणीचे जे जे प्रशिक्षण आले, ते बहुतांशी गवंड्यासाठी आले. सारवणाऱ्या हाताला त्यात स्थान नव्हते.

या व्यवस्थेला पहिला तडा जंगलाच्या मालकीतून गेला. मध्य प्रांतात रयतेला घरासाठी लाकूड-बांबू घेण्याची ‘निस्तारा’ची वहिवाट होती. मध्य प्रदेश शासनाच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली आणि ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारांची जंगले शासनाकडे गेली. जमीन कसणाऱ्याच्या दृष्टीने हा बदल न्याय्य होता. परंतु छपराचे लाकूड यापुढे गावाच्या वहिवाटीऐवजी वनखात्याच्या नियमांनी मिळू लागले. स्वस्त घर महाग होण्याची सुरुवात येथे झाली.

सेवाग्रामची कुटी

डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली आणि वर्धा येथील मगनवाडी हे त्याचे केंद्र बनले. ३० एप्रिल १९३६ रोजी महात्मा गांधी वर्ध्याजवळच्या सेगाव या खेड्यात राहावयास आले. तेथे उभारलेले ‘आदी निवास’ आणि मीराबेन यांनी स्वतःसाठी बांधलेली व पुढे ‘बापू कुटी’ म्हणून प्रसिद्ध झालेली झोपडी ही दोन्ही बांधकामे माती, बांबू, स्थानिक लाकूड आणि हाताने घडविलेले कवेलू यांची आहेत. साहित्य जवळपासचे असावे आणि काम गावच्याच कारागिरांनी करावे, असा दंडक होता. मीराबेन यांनी भिंतीवर ओल्या मातीतच ताडाची झाडे, मोर आणि चरखा उठावात कोरला. १९४० मध्ये सेगावचे नाव ‘सेवाग्राम’ झाले. त्याचे एक व्यावहारिक कारण असे की विदर्भातीलच शेगावशी होणाऱ्या नामसाम्यामुळे टपाल भलतीकडे जात असे.

कुटीचे साधेपण गांधीजींच्या व्यक्तिगत व्रताचा भाग मानले जाते. ते खरे असले तरी अपुरे आहे. देशोदेशीचे पाहुणे, नेते आणि कार्यकर्ते ज्या घरात येऊन बसत, ते घर स्वतःच एक पाठ होते. डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले. तेथील ‘टिळकनगर’ चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबू व इतर ग्रामीण साहित्यातून सजविले. हजारो लोकांना खेड्यातील साहित्याचे सौंदर्य एकाच वेळी दाखविणारा तो प्रयोग होता. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि नई तालीमची मांडणी झाली. ३० डिसेंबर १९३८ रोजी मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले. जे. सी. कुमारप्पा यांनी तुरुंगवासात लिहिलेला ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ हा ग्रंथ याच विचाराची तात्त्विक बैठक होय. ‘शाश्वत विकास’ हा शब्दप्रयोग १९८७ च्या ब्रुंटलंड अहवालाने जगभर नेला, तेव्हा मगनवाडीत या अर्थाचा विचार मांडून चार दशके लोटली होती.

याच सुमारास विदर्भात लोकशिक्षणाची दुसरी धारा वाहत होती. गाडगे महाराजांनी हातात खराटा घेऊन गाव झाडले आणि रात्री कीर्तनातून तोच विषय मांडला. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ‘ग्रामगीते’त गावाची स्वच्छता व रचना यांना अध्यात्माइतकेच महत्त्व दिले. वर्ध्याचा प्रयोग पाहण्यासाठी वर्ध्यास जावे लागे. खंजिरीवरचे भजन मात्र भंडाऱ्याच्या खेड्यात आपोआप पोहोचत असे. कीर्तन-भजनाने सफाई शिकविली, परंतु बांधकामाचे तंत्र हा त्याचा विषय नव्हता.

दत्तपूरचे कवेलू

गांधीजींनंतर ही परंपरा स्मारकापुरती उरली असती. ती तंत्रज्ञानाच्या मार्गाने पुढे नेण्याचे श्रेय मगनवाडीच्या मुशीत घडलेले कार्यकर्ते देवेंद्रकुमार यांना द्यावे लागेल. १९७६ मध्ये त्यांनी वर्ध्यात ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राची स्थापना केली. वर्ध्याजवळ दत्तपूर येथील या केंद्राच्या कामातील एक प्रयोग विशेष उल्लेखनीय आहे. कुंभाराच्या चाकावर शंकूच्या आकाराचे पोकळ कवेलू घडवावयाचे, ते भट्टीत भाजावयाचे आणि एकात एक गुंतवून त्यांच्या कमानी उभारावयाच्या. शेजारी शेजारी कमानी लावत गेले की छप्पर तयार होते. त्यास लाकडाचे आडे लागत नाहीत आणि लोखंडही लागत नाही. पोकळ कवेलूत अडकलेली हवा उष्णतेला रोखून धरते. जंगल दुरावल्याने निर्माण झालेल्या अडचणीवर हे अचूक उत्तर होते. शिवाय यंत्राच्या कवेलूंमुळे बेकार होऊ पाहणाऱ्या कुंभाराच्या हाताला त्यातून काम मिळत होते.

जानेवारी १९७८ मध्ये विचारवंत इव्हान इलिच यांनी सेवाग्रामला दिलेल्या भाषणात बापू कुटीचा संदेश उलगडला. १९८८ पासून हुडकोच्या साहाय्याने देशभर निर्मिती केंद्रांचे जाळे उभारण्याचे धोरण आले. लॉरी बेकर यांचे केरळमधील काम वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचले. मुंबईत गांधीजींशी झालेल्या भेटीचा आपल्यावर झालेला परिणाम बेकर आवर्जून सांगत. एवढी सामग्री हाताशी असताना मातीचे सुधारित घर गावोगाव का पोहोचले नाही?

अर्जावरील रकाना

या प्रश्नाचे उत्तर गावच्या चावडीवर सापडते. जनगणनेत घरांची नोंद भिंत व छपराच्या साहित्यावरून होते आणि त्यावरून घर कायम, अर्धकायम वा तात्पुरते ठरते. मातीची भिंत यात खालच्या पायरीवर राहते. २०११ च्या जनगणनेत तर हाताने घडविलेले कवेलू आणि यंत्राने घडविलेले कवेलू असे दोन स्वतंत्र प्रकार नोंदविले गेले. १९८५-८६ मध्ये सुरू होऊन १ जानेवारी १९९६ पासून स्वतंत्र झालेली इंदिरा आवास योजना आणि २०१६ पासूनची प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) यांनी लाखो बेघरांना छप्पर दिले, हे निर्विवाद आहे. परंतु लाभार्थी होण्यासाठी आपले घर ‘कच्चे’ आहे हे सिद्ध करावे लागते, आणि कच्चे म्हणजे मातीचे. एका पिढीने हा अर्ज भरला आणि माती ही दारिद्र्याची खूण आहे हा धडा शिकला. दत्तपूरच्या कोणत्याही प्रात्यक्षिकाला इतका विद्यार्थीवर्ग लाभला नाही.

येथे एक विसंगती नोंदविणे अगत्याचे आहे. इंदिरा आवास योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत ठेकेदार नसावा, घर लाभार्थ्याने स्वतः बांधावे, स्थानिक साहित्य व पर्यावरणपूरक तंत्र यांना उत्तेजन द्यावे, असेच म्हटले होते. नव्या योजनेची पक्क्या घराची व्याख्याही साहित्याचे नाव घेऊन थांबत नाही. योग्य देखभालीसह किमान ३० वर्षे टिकणारे घर ते पक्के, असा तिचा आशय आहे. या कसोटीवर सेवाग्रामची कुटी केव्हाच उत्तीर्ण झाली आहे. ती आज जवळपास ९० वर्षांची आहे. तथापि हप्ता मिळण्यासाठी अंदाजपत्रक लागते आणि अंदाजपत्रकाला ठरावीक दर लागतो. विटेला दर आहे, सिमेंटला आहे, सळईला आहे. सारवणाला दर नाही. ग्रामीण गवंड्यांसाठीचे ४५ दिवसांचे प्रशिक्षणही प्रामुख्याने वीट-सिमेंटच्याच वाटेने जाते. केंद्रीय ग्रामविकास मंत्रालय, संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम आणि दिल्लीची आयआयटी यांनी ‘पहल’ या संकलनात प्रदेशानुरूप घरांचे नमुने सिद्ध केले. त्याचे मोल मोठे आहे, पण ते पुस्तक झाले.

मातीच्या घराचे केवळ गुणगान करणेही इतिहासाला धरून होणार नाही. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला आलेल्या महापुरात भंडारा शहर आणि नदीकाठची गावे पाण्याखाली गेली. पाणी ओसरल्यावर ज्यांच्या मातीच्या भिंती बसल्या, त्या कुटुंबांना सिमेंटच्या घराची ओढ वाटणे हे अज्ञान नव्हे. विंचू-सापाची भीती, दरवर्षीची डागडुजी, माकडांनी फोडलेले कवेलू, मुलीच्या सासरच्यांनी घर पाहून ठरविलेली प्रतिष्ठा, ही कारणे कोणत्याही शिबिरात विचारली तर पुढे येतात. पाया दगडाचा, जोते उंच आणि भिंतीच्या खालच्या भागाला पाण्यापासून संरक्षण, एवढी सुधारणा मातीचे आयुष्य वाढविते. मात्र ती सांगणारा कारागीर आता गावात क्वचितच असतो.

शहरातील तारे आणि महामार्गालगतचे घर

दरम्यान शहरात घराचे शिक्षण प्रमाणपत्राच्या स्वरूपात आले. २००७ मध्ये ऊर्जा संवर्धन इमारत संहिता आली. त्याच सुमारास टेरी संस्थेने विकसित केलेली ‘गृह’ ही तारांकित मानांकन पद्धती केंद्र शासनाने स्वीकारली. पुण्यात महापालिकेने ‘इको-हाउसिंग’चा प्रयोग केला, पिंपरी-चिंचवडने हरित इमारतींना सवलती दिल्या. २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी ‘इको-निवास संहिता’ प्रसिद्ध झाली. २०२० मध्ये राज्यात ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू होऊन नगरपालिका व ग्रामपंचायतीही या चर्चेत आल्या. या सर्वांत मोजमापाची शिस्त आहे आणि तिचे महत्त्व कमी लेखता येणार नाही. पण तारे मिळतात ते विकासकाला. स्वतःचे घर स्वतः बांधणाऱ्याला मूल्यांकनकर्ता भेटत नाही.

नागपूर–भंडारा राष्ट्रीय महामार्गावरील शहापूर हे अशाच घरबांधणाऱ्यांचे गाव आहे. भंडारा शहर जवळ, जवाहरनगरची आयुध निर्माणी शेजारी, परिसरात अभियांत्रिकी महाविद्यालय. महामार्गाच्या काठाने अशा गावांत स्लॅबची घरे वाढत गेली. स्लॅब दिवसभर तापतो आणि ती उष्णता रात्री खाली सोडतो. मग कूलर येतो, कूलरला पाणी लागते, आणि पाण्याची टंचाई नेमकी त्याच महिन्यांत असते. एक टन सिमेंट बनविताना अर्ध्या टनाहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, हा हिशेब घरमालकाच्या वीजबिलात दिसत नाही. उपाय मात्र हाताशी आहेत. गच्चीला उन्हाळ्यापूर्वी चुन्याचा पांढरा लेप दिल्यास ऊन परावर्तित होते. १९९९ च्या अधिसूचनेपासून औष्णिक वीजकेंद्रांच्या परिसरात राखेच्या विटांना प्रोत्साहन आहे. मौदा आणि तिरोडा येथील केंद्रे या भागापासून दूर नाहीत. पश्चिमेच्या भिंतीवर सपरी काढण्याची जुनी रीत स्लॅबच्या घरालाही तितकीच लागू पडते. अहमदाबादच्या २०१३ च्या उष्णता कृती आराखड्यानंतर नागपूरनेही २०१६ पासून ही वाट धरली. भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात ती गवंडी, कुंभार आणि गृहिणी यांच्यापर्यंत न्यावयाची असेल, तर चुन्याला आणि लिंपणालाही अंदाजपत्रकात दर द्यावा लागेल.

पूर्व विदर्भातील अनेक गावांत आज घरांची एक जोडरचना आढळते. समोर अनुदानातून बांधलेली स्लॅबची खोली असते, तिच्यावर योजनेचे नाव रंगविलेले असते. मागे जुनी मातीची खोली तशीच राखलेली असते. तिची जमीन अजून सारवली जाते, कवेलू फेरले जातात, धान्य तिथेच ठेवतात. वैशाखात घरातील वृद्ध दुपारी झोपावयास मागच्याच खोलीत जातात.