नीरेकाठचे मीठ आणि मेंढरांचे रान

१/
सातबाऱ्यावरील ‘पोटखराब’ हा शब्द आपण सर्वांनी वाचलेला असतो. लागवडीस अयोग्य क्षेत्र, हा त्याचा सरळ अर्थ. परंतु अयोग्य कोणत्या पिकासाठी? आणि कोणाच्या दृष्टीने? नीरा खोऱ्यातील खारावलेल्या जमिनींचा इतिहास या दोन प्रश्नांभोवती फिरतो. आजची मालिका त्याविषयी.

२/
बारामती, इंदापूर, फलटण हा सारा पर्जन्यछायेचा प्रदेश. कालव्यापूर्वी येथे प्रामुख्याने बाजरी आणि ज्वारी पिके. या कोरडवाहू शेतीला धनगरांच्या मेंढरांची जोड होती. पीक निघाले की मेंढरे रानात ‘बसवायची’, रात्रभराच्या लेंडीखताच्या मोबदल्यात शेतकऱ्याने धान्य द्यायचे. दिवाळीनंतर अनेक वाडे कोकणाकडे उतरत आणि पावसाळ्याच्या तोंडावर परतत.

३/
१८७६-७७च्या दुष्काळाने दख्खन होरपळून निघाले. त्यानंतरच्या दशकात नीरा डावा कालवा उभा राहिला. १८८५च्या सुमारास त्यातून पाणी वाहू लागले. हेतू होता संरक्षक सिंचनाचा: अवर्षणात ज्वारी-बाजरी तगावी आणि माणसे जगावीत.

४/
प्रत्यक्षात कालव्यावर राज्य आले उसाचे. सासवडच्या माळ्यांसारखे कसबी बागाईतदार बारामतीकडे आले, खंडाने जमिनी घेऊन ऊस करू लागले. गुळाला भाव होता, पाणी हाताशी होते. ज्या जमिनीला वर्षातून एखाद-दोन पाळ्या पुरत्या, ती आता बारमाही भिजू लागली.

५/
काळी जमीन पाणी धरून ठेवते, पण खाली सोडत नाही. कालव्याचा पाझर आणि उसाला दिलेले जादा पाणी यांमुळे भूजलाची पातळी वर चढली. ते पाणी मातीच्या सूक्ष्म केशनलिकांतून पृष्ठभागाशी येई, उन्हाने उडून जाई, आणि त्यात विरघळलेले क्षार मागे राहत. जमिनीवर पांढरे मीठ फुटले.

६/
हा पहिला टप्पा, खारवट जमीन. दुसरा टप्पा अधिक कठीण. सोडियम मातीच्या कणांना चिकटतो, मातीची घडण मोडते, ओली असता ती चिकट आणि वाळली की दगडासारखी होते. हिलाच शेतकरी ‘चोपण’ म्हणतात. तिच्यात पाणी मुरतच नाही.

७/
सरकारला याची जाणीव नव्हती असे नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी विश्वेश्वरय्यांनी नीरा कालव्यावर ‘ब्लॉक पद्धत’ आणली. ठरावीक गटात सुमारे तृतीयांश क्षेत्रावर ऊस, उरलेल्यावर कमी पाण्याची पिके. पुढे १९१०मध्ये हॅरॉल्ड मॅन आणि व्ही. ए. ताम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातील खाऱ्या जमिनींवर मुंबई कृषी खात्यासाठी स्वतंत्र पुस्तिका लिहिली. कालव्याला तेव्हा जेमतेम पंचवीस वर्षे झाली होती.

८/
मात्र नुकसानीचे माप होते बुडालेल्या पिकाचे आणि महसुलाचे. कालव्याने ज्यांची चराऊ पड हिरावली, ते मेंढपाळ या हिशेबात कोठे बसणार? पड जमिनीवर त्यांचा वहिवाटीचा वावर होता, सातबारा नव्हता. जमीन आधी उसाखाली गेली, मग मिठाखाली. दोन्ही वेळा त्यांचे रानच घटले.

९/
खाऱ्या जमिनीकडे गवताच्या दृष्टीने पाहणे त्या काळी अशक्य होते का? मुळीच नाही. उत्तर भारतात ‘रेह’ या क्षाराच्या चौकशीसाठी १८७७मध्ये समिती नेमली गेली होती. अलीगढ आणि कानपूरजवळ ऊसर जमिनीचे तुकडे कुंपण घालून राखण्यात आले. कृषिरसायनज्ञ डॉ. व्होएल्कर यांनी १८९३च्या अहवालात या प्रयोगांची दखल घेतली: अनिर्बंध चराई थांबताच ओसाड ऊसरावर गवत परतू लागले होते.

१०/
ऑस्ट्रेलियातही असेच घडले, फक्त कारण वेगळे. तेथे कालव्याने नव्हे, तर गव्हासाठी केलेल्या जंगलतोडीने भूजल वर आले. डब्ल्यू. ई. वूड या रेल्वे अभियंत्याने १९२४मध्येच हा संबंध दाखवून दिला. पुढे पश्चिम ऑस्ट्रेलियात अशा जमिनींवर ‘सॉल्टबुश’ ही क्षारसहिष्णू झुडपे लावून मेंढ्या चारण्याची पद्धत रुजली. झुडपाची खोल मुळे वर्षभर भूजल शोषतात, हा आणखी एक लाभ.

११/
हा रामबाण उपाय मात्र नव्हे. सॉल्टबुशच्या पानात प्रथिने पुष्कळ, पण मीठही पुष्कळ आणि ऊर्जा कमी. त्यामुळे मेंढीला सोबत कडबा किंवा अन्य गवत हवे, आणि मुबलक गोडे पाणी तर हवेच. शिवाय वरून पाण्याचा मारा चालूच राहिला, तर कोणतेही झुडूप जमीन वाचवू शकत नाही.

१२/
भारतात १९६९मध्ये केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्था स्थापन झाली. कर्नाल हे तिचे ठिकाण. तेथील संशोधनातून पुढे आलेले ‘कर्नाल गवत’ चोपण आणि पाणथळ अशा दोन्ही स्थिती सोसते. काही वर्षे ते घेतले की मुळांमुळे मातीत पाणी मुरू लागते. आपल्याकडची हरळीही बऱ्यापैकी क्षार सोसते.

१३/
मेंढीच्या बाजूने एक विलक्षण योगायोग. सुंदरबनच्या खाऱ्या दलदलीत चरणारी ‘गारोल’ ही लहानखुरी मेंढी जुळ्या-तिळ्यांसाठी प्रसिद्ध आहे. बंगालची मेंढरे १७९२-९३मध्ये ऑस्ट्रेलियात गेली आणि त्यांचे बहुप्रसवी जनुक तेथील बुरुला मेरिनोत उतरले. १९९०च्या दशकात फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गारोल आणून तिचा दख्खनी मेंढीशी संकर सुरू केला. त्यातून ‘नारी सुवर्णा’ घडली. खाऱ्या रानातील मेंढीचा वारसा असा नीरेच्या खोऱ्यात पोहोचला. प्रश्न उरतो तो रानाचा.

१४/
आज कृष्णाकाठी, सांगली-कोल्हापूरकडे, हाच इतिहास ‘क्षारपड’ या नावाने चालू आहे. जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून निचरा करणे हा खरा उपाय. पण तो एकट्याच्या शेतापुरता साधत नाही. शिवाराला एकत्र यावे लागते, पैसा उभा करावा लागतो. तोवर लहान शेतकऱ्याची जमीन बाभळींखाली पडून राहते. या मधल्या वर्षांत तिला गवत आणि मेंढरांचे खत का मिळू नये?

१५/
आम्हा कोरपनेकरांना नीरा दूरची वाटेल. परंतु आपलीही जमीन काळीच आहे, आणि विदर्भात पूर्णेच्या खोऱ्यात निसर्गतःच खारपाणपट्टा आहे. चंद्रपूर-गडचिरोलीत कुरमार मेंढपाळही आहेत. उद्या कालव्याचे पाणी शिवारात येईल, तेव्हा निचऱ्याची वाट आणि चराईची जागा या दोन्ही गोष्टी आधीच आखून ठेवता येतील. नीरेकाठी कालवा आधी आला आणि निचऱ्याचा विचार मागाहून. चराईचा तर हिशेबच झाला नाही.

१६/
‘पोटखराब’ ही मातीची जात नव्हे, ती नोंद करणाऱ्याची नजर आहे. जेथे ऊस मरतो, तेथे गवत जगू शकते. आणि जेथे गवत जगते, तेथे कोणाचे तरी पोट भरते.

आपल्या गावी अशा जमिनीला काय म्हणतात? खारी, चोपण, क्षारपड की आणखी काही? अवश्य लिहा.