कुपीतली बखर

‘कागद नाही तेथे इतिहास नाही,’ असे मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. माझे हे मत एका अनामिकाने खोडून काढले.

१९५९ साली काँगोतल्या लिओपोल्डव्हिल, म्हणजे आजच्या किन्शासा, शहरात एका पुरुषाचे रक्त घेतले गेले व ते टिकून राहिले. एड्सचा विषाणू सापडला १९८३ साली. पुढे तोच विषाणू त्या जुन्या रक्तातही आढळला आणि १९९८ साली त्याच्या जनुकांचे वाचन प्रसिद्ध झाले.

हे वाचन करतात कसे? प्रथम जनुकाच्या तुकड्याच्या असंख्य नकला काढतात. मग त्यातली अक्षरे ए, बी, सी, डी अशा ज्ञात उपप्रकारांशी ताडून पाहतात. १९९३ साली एक सोपी युक्तीही निघाली. दोन विषाणूंचे धागे एकमेकांशी जुळवायचे. गुंडी भलत्याच काजात गेली की सदरा फुगतो, तशी ही जोडी न जुळल्या जागी फुगते आणि विजेच्या ओढीने जेलीतून सरकताना मागे रेंगाळते. जितकी मागे, तितके नाते दूरचे.

किन्शासातलाच १९६० सालचा एक नमुना वाचून २००८ साली दोहोंची तुलना झाली. फरक एवढा, की त्यांचा समान पूर्वज १९०८च्या सुमाराचा ठरला. जगाला कळण्याआधी हा रोग कित्येक दशके माणसांत वावरत होता!

आपल्याकडे बहुतांशी सी उपप्रकार आढळतो. ते अक्षर विषाणूचे कूळ सांगते. रोग्याच्या शीलाविषयी ते काहीच सांगत नाही, एवढे मात्र आपण घरोघर लक्षात ठेवायला हवे.