संगणकाची परिभाषा : मूळ आणि कूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. शब्दांना हा नियम लागू करण्याचे कारण नाही. उलट, शब्दाचे मूळ कळले की त्याची निम्मी भीती ओसरते. हार्डवेअर, सॉफ्टवेअर, मेमरी, बाइट, बग असे शब्द दुकानात किंवा कचेरीत कानावर आदळू लागले म्हणजे चांगला शिकलासवरलेला प्रौढ गृहस्थही मुकाट्याने मान डोलावतो. हे शब्द कोणा पंडितांच्या सभेत घडले असावेत, असा त्याचा समज असतो. वस्तुतः ते लोखंडाच्या दुकानातून, सूतगिरणीतून, जेवणाच्या घासातून आलेले आहेत. त्यांचा इतिहास आपण क्रमाने पाहू.

पहिला शब्द कॉम्प्युटर. तो मुळात यंत्राचे नाव नव्हता. आकडेमोड करणाऱ्या माणसाचे नाव होता. इंग्रजीत सतराव्या शतकापासून तो या अर्थाने आढळतो. हॅलेचा धूमकेतू परत कधी येणार, याचे गणित फ्रान्समध्ये क्लेरो, लालांद आणि निकोल-रेन लपोत या विदुषी, अशा तिघांनी महिनोन्‌महिने खपून केले आणि १७५८ च्या अखेरीस जाहीर केले. १७५९ च्या एप्रिलच्या मध्यास तो सूर्याच्या सर्वांत जवळ येईल, महिनाभर इकडेतिकडे होईल, असे त्यांचे भाकीत होते. तो आला १३ मार्चला. एवढे प्रचंड गणित वाटून घेऊन करण्याची रीत पुढे वेधशाळांत आणि मोजणीखात्यांत रूढ झाली.

हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीखात्यातही अशी पदे होती. राधानाथ सिकदार हे बंगाली तरुण १८३१ साली तेथे गणक म्हणून लागले आणि पुढे मुख्य गणक झाले. पंधराव्या क्रमांकाचे शिखर २९,००२ फूट उंच, म्हणजे जगातील सर्वोच्च, हा निष्कर्ष त्यांच्या आकडेमोडीतून निघाला आणि १८५६ साली जाहीर झाला. आजच्या मोजणीशी ताडून पाहिले तर त्यात सुमारे ३० फुटांचाच फरक आहे. शिखराला नाव मिळाले ते मात्र माजी सर्वेक्षणप्रमुख एव्हरेस्ट साहेबांचे. मोजणीखात्याच्या मार्गदर्शक ग्रंथात सिकदारांच्या कामाचा जो ऋणनिर्देश होता, तोही त्यांच्या मृत्यूनंतर, १८७५ च्या आवृत्तीतून गळाला. गणित उरले, गणक पुसला गेला. ही गोष्ट आपण ध्यानात ठेवू. ती पुन्हा घडणार आहे.

दरम्यान इंग्लंडात चार्ल्स बॅबेज यांनी १८३० नंतरच्या दशकात एका सर्वगामी गणनयंत्राचा आराखडा मांडला. त्याच्या दोन मुख्य भागांना त्यांनी नावे दिली ती गिरणी आणि कोठार. गिरणीत आकडे दळायचे, कोठारात साठवायचे. यंत्राला हुकूम द्यायचा तो भोके पाडलेल्या पत्त्यांनी. ही युक्ती जकारच्या विणमागावरून घेतलेली. ते यंत्र पुरे झाले नाही. पण आजच्या यंत्रातले प्रोसेसर आणि मेमरी हे त्याच गिरणीचे आणि कोठाराचे वंशज होत.

कोठाराची मेमरी, म्हणजे स्मृती, कशी झाली? १९४५ साली जॉन फॉन नॉयमन यांनी नव्या यंत्राविषयी जे टिपण लिहिले त्यात यंत्राच्या भागांची तुलना मानवी मज्जासंस्थेशी केली होती, आणि मेमरी हा शब्द तेथून रूढ झाला. नवशिक्याने एवढे लक्षात ठेवावे की, संगणकात साठवण दोन तऱ्हेची असते. एक शाळेच्या पाटीसारखी : हातचे काम तिच्यावर चालते आणि वीज गेली की ती पुसली जाते. तिला रॅम म्हणतात. दुसरी वहीसारखी : वीज गेली तरी लिहिलेले टिकते. ती म्हणजे डिस्क.

आता हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर. १९४६ साली अमेरिकेत एनिॲक हे यंत्र जगापुढे आले. त्यात सुमारे १८ हजार निर्वात नळ्या होत्या. तोफगोळ्याच्या मार्गाचे जे गणित माणसाला कित्येक तास पुरे, ते एनिॲक अर्ध्या मिनिटाच्या आसपास उरकी. परंतु गणित बदलायचे तर तारा उपसून नव्याने जोडाव्या लागत. हे काम सहा तरुणींकडे होते. त्या आधी लष्करासाठी हाताने गणिते करीत आणि त्यांच्या पदाचे नाव कॉम्प्युटर हेच होते. यंत्राचा गाजावाजा झाला, छायाचित्रे छापली गेली. या सहाजणींची नावे मात्र पुढे कित्येक दशके कोणाला ठाऊक नव्हती. यंत्राने त्यांचे काम घेतले आणि नावही घेतले. सिकदारांची कहाणी पुन्हा घडली ती अशी.

हुकूम तारांत न गुंफता आकड्यांच्या रूपाने स्मृतीतच ठेवावेत, ही पुढची पायरी. मँचेस्टर येथील एका यंत्राने २१ जून १९४८ रोजी ती प्रथम चढून दाखविली. त्यानंतर यंत्र आणि त्याला द्यायचे हुकूम या दोन निराळ्या वस्तू झाल्या. हार्डवेअर म्हणजे इंग्रजीत पूर्वीपासून खिळे, कड्या, कुलपे असले लोखंडी सामान. त्याच्या जोडीला सॉफ्टवेअर हा शब्द जॉन ट्युकी या गणितज्ञाने १९५८ साली छापील लेखात वापरला. पेटीचा भाता, पट्ट्या आणि सूर हे हार्डवेअर. तिच्यावर वाजते ती चीज सॉफ्टवेअर. पेटी तीच राहते, चीज बदलते.

बिट हा शब्दही ट्युकी यांचाच, १९४७ सालचा. क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली तो प्रसिद्धीस आणला. हो किंवा नाही, एक किंवा शून्य, एवढीच माहिती एका बिटमध्ये मावते. बाइट म्हणजे घास. आयबीएममधील वर्नर बुखहोल्ट्झ यांनी १९५६ साली हा शब्द योजला आणि लिहिताना चुकून त्याचा बिट होऊ नये म्हणून इंग्रजी स्पेलिंग मुद्दाम बदलले. आज एका घासात आठ बिट असतात, म्हणून त्यात २५६ निरनिराळ्या खुणा बसतात. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो. आपल्या 'क'ला युनिकोडच्या रूढ पद्धतीत तीन लागतात.

बग म्हणजे किडा, यंत्रातला दोष. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या मार्क-२ यंत्रात खरोखरच एक पतंग अडकलेला सापडला. तो नोंदवहीत चिकटविला गेला आणि शेजारी लिहिले गेले की, खराखुरा किडा सापडल्याचा हा पहिलाच प्रसंग. यावरून शब्द त्या दिवशी जन्मला असे पुष्कळ सांगतात, ते बरोबर नाही. शब्द आधीच रूढ होता म्हणून तर ती थट्टा साधली. एडिसन यांच्या १८७८ च्या पत्रात तो आढळतो.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक हा संगणक सुरू झाला, आणि ही परिभाषा आपल्या दाराशी आली. मराठीने यंत्राला संगणक म्हटले, हे आम्हांला विशेष वाटते. गणक हा आपला फार जुना शब्द, आणि तोही माणसाचाच. भास्कराचार्य लीलावतीत वाचकाला गणक म्हणून हाक मारतात. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० च्या सुमारास ग्रहलाघव रचून पंचांगकर्त्यांची आकडेमोड सोपी केली, तेही गणकच. दोन्ही भाषांत माणसाचे नाव यंत्राकडे गेले. पण मराठीत त्या नावाच्या पोटात मूळचा माणूस अजून ओळखू येतो.

तेव्हा हे शब्द ऐकून संकोचण्याचे कारण नाही. ते गिरणीत, दुकानात, वहीच्या पानावर काम करणाऱ्यांनी सोयीसाठी घेतलेले शब्द आहेत; आपणही ते तसेच सोयीसाठी घ्यावेत आणि न कळल्यास उघड विचारावे. मात्र संगणक हा शब्द उच्चारताना सिकदारांची आणि त्या सहाजणींची आठवण ठेवावी. तो शब्द आधी त्यांचा होता.